नाशिकच्या उपाध्यांकडची वंशावळीची वही, एकदा तरी जाऊन बघाच

भावाला मुलगी झालीय आणि नाव ठेवायचा मान आत्याचा म्हणजे माझा, तर ॲपवरची नावं बघून बघून कंटाळले, सगळी एकाच छापाची वाटायला लागली. बाबा म्हणाले आपल्याच घरातलं जुनं एखादं बघ की, नाशिकला वहीत सगळी लिहिलेली असतील. म्हणून गेल्या रविवारी आम्ही दोघं पंचवटीत जाऊन आलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कुठल्या गावचे कुठल्या आडनावाचे यजमान कोणत्या उपाध्यांचे हे तिथे पिढ्यानपिढ्या ठरलेलं आहे. श्राद्धाला, अस्थी घेऊन किंवा नुसतं यात्रेला कोणी गेलं की घरातल्या सगळ्यांची नावं लिहून घेतात आणि खाली सही. रामकुंडावर पोचलात की "गाव कुठलं, आडनाव काय" विचारतातच, तेव्हा मूळ गाव सांगायचं, आत्ता राहता ते नाही. आमच्या गावाच्या नावाची दोन गावं निघाली, त्यामुळे आधी भलत्याच घरी पाऊण तास गेला. तालुका सांगायला विसरू नका.

वही चांगली लांबलचक, कापडात गुंडाळलेली. आमची सगळ्यात जुनी नोंद शके 1821 ची म्हणजे 1899 ची, खापरपणजोबांनी केलेली, मोडीत. आधी आडवी रेघ आणि तिच्याखाली सलग अक्षरं, शब्द कुठे तुटतो तेच मला कळेना, गुरुजी मात्र बोट फिरवत धडाधड वाचत होते. महादेवाचा रामचंद्र, त्याचा महादेव, त्याचा परत रामचंद्र म्हणजे आमचे बाबा! थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं हे ऐकून होते पण असं ओळीने बघितल्यावर अंगावर काटाच आला. आणि बाबांना घरात सगळे बापू का म्हणायचे तेही तेव्हा कळलं, आजीने सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, मग तेच नाव असलेल्या स्वतःच्या पोराला हाक कशी मारणार बिचारी. एका पानावर एक धोंडू सापडला. बाबा म्हणाले आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला असं धोंडू, दगडू नाव ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून. मग मी बराच वेळ त्या एका नावाकडेच बघत बसले.

पण मी गेले होते बायकांच्या नावांसाठी. लेकींची नावं फारच थोडी, आणि सुनांची बघितली तर लक्ष्मी, पार्वती, सरस्वती, परत लक्ष्मी, सगळी लग्नात तांदळात लिहून बदललेली. माझी आजीपण तिथे लक्ष्मीबाईच. माहेरी ती यमुना होती, तिची बहीण तिला शेवटपर्यंत यमूच म्हणायची, आणि एवढ्या मोठ्या वहीत त्या नावाचा पत्ता नाही. मला खूप वाईट वाटलं. गुरुजींना विचारलं लिहाल का, ते म्हणाले सांगाल ते लिहितो, आणि बाबांच्या नवीन नोंदीत आजीच्या नावापुढे "माहेरचे नाव यमुना" असं लिहिलं. सही करताना बाबांचा हात थरथरत होता.

तक्रार एकच, काही पानांचे कोपरे अक्षरशः हातात येतायत, यांचे फोटो काढून ठेवायला हवेत आणि आम्हाला काही काढू दिले नाहीत. कागद पेन घेऊन जा. दक्षिणा मागितली नाही, आम्ही 501 ठेवले. आणि 2027 च्या सिंहस्थाची गर्दी व्हायच्या आत जा, नंतर कोणाला निवांत पानं उलटायला वेळ मिळणार नाही.

पुतणीचं नाव ठरलं नव्हतं म्हणून तिच्यापुरती जागा कोरी ठेवलीय, फोन करा मग लिहितो म्हणाले. बारसं गुरुवारी आहे. यमुनाच ठेवतोय, वहिनीलाही आवडलंय.