फुटक्या ॲक्रिलिकपासून छोटा रीफ टँक: वेल्ड-ऑन ४ आणि १६ यांचा रिव्ह्यू

तडा गेलेल्या जुन्या टँकचं ॲक्रिलिक फेकायची गरज नाही. त्यातून १५ लिटरचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोरलचा (प्रवाळाचा) टँक, आरामात निघतो, आणि त्यासाठी वेल्ड-ऑन ४ हे सॉल्व्हंट उत्तम आहे. मात्र ते तडा बुजवायचं औषध नव्हे. तडा गेलेला भाग कापूनच काढायचा. जुन्या सांध्यालगतची २ सेंमी पट्टीही टाकून द्या, कारण तिथे आधीचं सॉल्व्हंट आणि ताण दोन्ही मुरलेले असतात.

वेल्ड-ऑन ४ पाण्यासारखं पातळ आहे. ते ॲक्रिलिक चिकटवत नाही, दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. म्हणूनच त्याला फट भरता येत नाही. सांध्यात बुडबुडे दिसले तर बहुतेक वेळा दोष बाटलीचा नसतो, कडेचा असतो. कड राउटरने (कड तासायच्या यंत्राने) सरळ करा किंवा सपाट काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर ठेवून त्यावर घासा. आंच देऊन चमकवलेली किंवा लेझरने कापलेली कड तशीच जोडू नका. तिच्यात ताण अडकलेला असतो. सॉल्व्हंट लागताच बारीक चंदेरी रेषा उठतात आणि पुढे तिथूनच गळती सुरू होते. कड पुसायला स्पिरिट किंवा अमोनियावालं काच-क्लीनर वापरलं तरी हाच प्रकार होतो. साबणाचं पाणी पुरे, फक्त जोडण्याआधी कड पूर्ण कोरडी हवी.

मापं: ६ मिमी शीट, बाहेरून ३० × २५ सेंमी, उंची २५ सेंमी. भिंती तळाच्या शीटवर उभ्या राहतील अशी रचना करा आणि तळ चहूबाजूंनी ३ मिमी बाहेर ठेवा. सांध्यात दर ५–६ सेंमीवर पाव मिमी जाडीची तांब्याची तार सरकवा, सुईच्या बाटलीने आतल्या बाजूने सॉल्व्हंट सोडा. ते आपोआप फटीत ओढलं जातं. अर्धा ते एक मिनिट थांबून तारा ओढून घ्या. भिंत स्वतःच्या वजनाने बसते आणि सांधा काचेसारखा स्वच्छ दिसतो. क्लॅम्प आवळले तर विरघळलेला थर बाहेर पिळून निघतो आणि सांधा कोरडा राहतो. जोडायचा सांधा नेहमी आडवा ठेवा, त्यासाठी टँक फिरवावा लागला तरी चालेल.

वेल्ड-ऑन १६ दाट आहे. ओव्हरफ्लो पेटी (जादा पाणी बाहेर नेणारी पेटी), पाइपचे कंस किंवा आतल्या कोपऱ्यातली जादा रेघ यांसाठी चांगलं. पाण्याचा भार पेलणारा मुख्य सांधा मात्र त्याच्यावर सोडू नका. त्यात बुडबुडे अडकतात. सिलिकॉन तर नकोच, ॲक्रिलिकला ते धरत नाही.

भिंतींच्या वर बसणारी चौकट ३ सेंमी रुंद, एकाच तुकड्यातून कापलेली. आतले कोपरे गोल ठेवा, कारण चौकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो. खोल ओरखड्याचा तुकडा मागच्या भिंतीला, ओरखडा वरच्या अर्ध्यात येईल असा लावा. हलके ओरखडे ६०० ते २००० नंबरच्या वॉटर पेपरने ओले घासून, मग प्लास्टिक पॉलिशने जातात. मधला नंबर गाळला की धूसरपणा राहतो.

वाफा विषारी आहेत, खिडक्या उघड्या ठेवूनच काम करा. नायट्रिलच्या हातमोज्यातून सॉल्व्हंट पटकन झिरपतं, थेंब पडला की हातमोजा बदला. सांधे दोन दिवस वाळू द्या, मग आठवडाभर साधं पाणी भरून ठेवा.

२२ सेंमीपर्यंत पाणी भरलं की साधारण १५ लिटर होतं. त्यातलं अर्धा लिटर उडालं तरी पाण्याचा खारटपणा हजारी ३५ भागांवरून ३६ च्या वर जातो, म्हणून रोज आरओचं गोडं पाणी भरणं आलंच. झाकण ॲक्रिलिकचं करू नका, खालच्या बाजूने ओलावा पिऊन ते वाकतं. टँकचं सायकलिंग (घाण पचवणारे जीवाणू वाढायचा काळ) पूर्ण झाल्यावर मशरूम कोरल आणि झोअँथस हे कोरल लावा, झोअँथस मात्र हातमोज्याशिवाय हाताळू नका. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं.

भिंतीवरची कोरलाइन शेवाळ (कडक थर धरणारी शेवाळ) प्लास्टिकच्या पट्टीने, कोवळी असतानाच खरवडा. चुंबकाच्या घासणीत वाळूचा एक कण अडकला तर सगळं पॉलिश वाया जातं.