पेलेटची भट्टी, आठ महिन्यांनंतर: १३६ रुपयांची गोष्ट

आमची लातूरला क्लासच्या पोरांची मेस आहे, दोन टाइमचे मिळून सव्वाशे डबे. १९ किलोचे सिलेंडर महिन्याला आठ लागायचे, त्याला कंटाळून ह्यांनी जूनमध्ये पेलेटची (भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांची) भट्टी आणली. ब्लोअर, बाजूला हॉपर (पेलेट ओतायचा डबा), खाली राखेचा ट्रे, यूट्यूबवर सगळ्यांनी बघितलेली असते तीच.

पहिले तीन महिने मी एकदम खूश. पातेल्याचं बूड काळं होत नाही, भात-वरण-भाजी झटझट. आमच्याकडे एका किलो गॅसच्या जागी चार किलो पेलेट जातात, म्हणजे एका सिलेंडरच्या बदली ७६ किलो, १४ रुपयांनी १०६४. सिलेंडर तेव्हा अठराशेच्या आसपास होता, मग बोलायचं कामच नाही. पोळ्या मात्र अजून गॅसवरच, कारण ब्लोअर कितीही कमी केला तरी मंद आच काही जमत नाही, म्हणून दोन सिलेंडर लागतातच. आणि लाइट गेली की ब्लोअर बंद, स्वयंपाकघरात धूरच धूर, त्यामुळे इन्व्हर्टरचा खर्च आधीच धरा.

ऑक्टोबरमध्ये आग धरेना. पेलेट जळतात ती आतली जाळी काढून बघते तर भोकाभोकांत काचेसारखं चकचकीत काळं-हिरवट ढेकूळ वितळून बसलेलं, उलथन्याने हलेना. मग रोज पहाटे साडेपाचला मी आणि हातोडी-छिन्नी, वरच्या मजल्यावरची पोरं अलार्म लावायची बंद झाली. ठोकून ठोकून महिनाअखेरीस जाळीच वाकली. नवी २६०० ची. डीलर म्हणे, "ताई, जाळी वॉरंटीत येत नाही, झिजणारा पार्ट आहे तो." अहो पण झिजली कुठे, वाकलीये! पाच वेळा फोन, एकदा माणूस आला, ब्लोअरला फुंकर मारून चहा पिऊन गेला. तेव्हाच एक स्टारवाला रिव्ह्यू टाइप करून ठेवला होता.

तो टाकला नाही कारण दिवाळीत मामा (सासरे) गावाहून आले. आयुष्य वीटभट्टीवर गेलंय त्यांचं. ते ढेकूळ हातात घेऊन म्हणाले, "अगं हा तर खंगर. जाळतीस काय?"

आता इथे माझी चूक कबूल करते. सप्टेंबरपासून मी लाकडाच्या भुशाचे पेलेट सोडून सोयाबीनच्या कुटाराचे (मळणीनंतर उरलेल्या काड्या-टरफलांचे) घेत होते, ११ रुपये किलो. लाकडाच्या भुशात राख जेमतेम एक टक्का, कुटारात त्याच्या कितीतरी पट, वर त्या राखेत पोटॅश, आणि मळणीच्या वेळी माती येते ती वेगळी. वाळू आणि पोटॅश एकत्र तापले की कमी उष्णतेलाच वितळतात, वीटभट्टीत जादा आच लागलेली वीट खंगर होते तसंच. ब्लोअर जास्त ठेवला की अजून लवकर, आणि मी तो घाईत फुल्लच ठेवायचे.

हिशोब मांडला. भुशाच्या पेलेटपेक्षा किलोला तीन रुपये स्वस्त, म्हणजे सिलेंडरमागे २२८ वाचत होते, सहा सिलेंडरचे महिन्याला १३६८, दोन महिन्यांचे २७३६. त्यातले जाळीला २६०० गेले. म्हणजे १३६ रुपयांसाठी मी महिनाभर पहाटे छिन्नी मारली.

पण मला एक सांगा, ती ११ रुपयांची पोती विकली कुणी? त्याच डीलरने! "ताई, हेच घ्या, सेम हीट आहे." भट्टीसोबतच्या कागदावर खंगराचा ख सुद्धा नाही. त्यामुळे भट्टीला चार स्टार, सर्व्हिसला अर्धा पण नाही.

नोव्हेंबरपासून परत भुशाचे पेलेट, आठवड्यातून एकदा जाळी झटकली की झालं. पावसाळ्यात पोती फरशीवर ठेवू नका, खाली फळ्या टाका, आमची दोन पोती ओल धरून अक्षरशः पिठासारखी फुलली होती.

कुटाराची चार पोती अजून गच्चीवर पडून आहेत, कुणाला शेकोटीला हवी असतील तर फुकट न्या. बारदान मात्र परत आणून द्यायचं.