चार व्होल्टच्या टॉर्चमध्ये लिथियम सेल: पावसाळा-हिवाळा काढल्यावरचा अनुभव

उजेड वाढेल या आशेने हे करणार असाल तर राहू द्या. टॉर्च नवी असताना जेवढा उजेड होता तेवढाच आज आहे. फरक पडला तो दुसरीकडे: फळीवरून उचलली की ती पेटते.

आमच्या जुन्नरच्या पट्ट्यात शेतीची थ्री फेज लाईट आळीपाळीने दिवसा आणि रात्री असते. रात्रपाळीला उसात दारं धरायचं, म्हणजे पाटाचं पाणी वळवत फिरायचं, तर टॉर्चशिवाय बांधावर पाय ठेवता येत नाही. पायाखाली घोणस-मण्यार, उसात बिबट्या. त्यामुळे मागून पिना निघणारी प्लॅस्टिकची चार्जिंग टॉर्च घरोघर आहे. तिच्यात चार व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी असते. रोज वापरली तर बरी चालते. पण दिवसपाळी लागली आणि टॉर्च पडून राहिली की बॅटरी आपोआप उतरते, प्लेटांवर सल्फेट धरतं, मग कितीही चार्ज करा, बांधापर्यंत पोचेतो उजेड मलूल. वर्षाकाठी एक बॅटरी ठरलेलीच.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ती काढून १८६५० चा (हे सेलच्या आकाराचं नाव) लिथियम आयन सेल बसवला. हे जमतं कारण सेल ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२, जुन्या बॅटरीच्या जवळपासच. पांढऱ्या एलईडीला ३ ते ३.४ व्होल्ट लागतात, म्हणून त्या बाजूला फारशी मोडतोड नाही. फक्त लिथियम सेल करंट द्यायला हात आखडत नाही, आणि काही टॉर्चमध्ये एलईडीला करंट अडवणारा रेझिस्टरच नसतो. मी मल्टिमीटर मध्ये घालून करंट मोजला, जास्त निघाला, एक ओहमचा रेझिस्टर टाकला. आता ३०० मिलिअँपिअरच्या आसपास आहे. एक वॉटच्या एलईडीला ३५० पर्यंत चालतो.

खरं काम चार्जिंगचं. टॉर्च उघडून बघा: एक मोठा कपॅसिटर, चार डायोड, एकदोन रेझिस्टर, संपलं. ट्रान्सफॉर्मर नाहीच. १ मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टवर जेमतेम ७० मिलिअँपिअर मिळतात, म्हणून ती रात्र रात्र लावून ठेवावी लागते. शिवाय हे सर्किट मेन लाईनपासून अलग नसतं. चार्जिंग चालू असताना आतल्या उघड्या तारेला बोट लागलं तर शॉक बसतो. भरल्यावर थांबायची सोयही बहुतेकांत नाही. लेड ॲसिड ते काही काळ सोसते, मग फुगते. लिथियम सोसत नाही, पेट घेऊ शकतो. म्हणून जुनं सर्किट पिनांसकट उपटून टाकायचं, यात तडजोड नाही. नुसता सेल बदलून जुन्याच पिनांवर चार्ज करणारेही पाहिलेत. त्यांच्या टॉर्चजवळ मी तरी झोपणार नाही.

त्या जागी टीपी४०५६ चं मोड्यूल, म्हणजे एक लिथियम सेल चार्ज करणारी छोटी पाटी. घेताना सहा टोकांचं, संरक्षण असलेलं घ्या. पन्नास रुपयांच्या आतबाहेर मिळतं. सेल उलटा जोडला तर मोड्यूल जळतं, तेव्हा डाग देण्याआधी (सोल्डर करण्याआधी) प्लस-मायनस दोनदा बघा. मुळात ते १ अँपिअरने चार्ज करतं आणि बंद प्लॅस्टिकमध्ये चांगलंच तापतं. त्यावरचा १.२ किलोओहमचा बारीक रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावला की करंट ५८० मिलिअँपिअरवर येतो. माझा २६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल पाचेक तासांत भरतो, लाल दिवा जाऊन निळा लागतो आणि डबा कोमटच राहतो. टाइप-सीची बरीच स्वस्त मोड्यूलं दोन्हीकडे सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत. चार्जरकडे जुनं चपटं टोक असलेली केबल वापरा.

सेलवर ९९०० लिहिलेलं दिसलं की दुकानातून बाहेर पडा. या आकारात साधारण ३५०० च्या वर काही मिळत नाही. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. पोकळ माल हातातच हलका लागतो. सेलला थेट डाग देऊ नका, उष्णतेने तो आतून बिघडतो. पट्ट्या वेल्ड करून आलेला घ्या, नाहीतर होल्डर बसवा.

दिवाळीनंतर टॉर्च कित्येक आठवडे कपाटात पडून होती. काढली, बटण दाबलं, लख्ख. बायकोने तेव्हाच तिची टॉर्चही पुढे सरकवली. चार्जिंगला आता मोबाईलचा चार्जर, लाईट नसली तर पॉवर बँक. सेल संपत आला की उजेड एकदम जात नाही, हळूहळू बसतो. घरी परतायला पुरतो.

कुरकुरही आहे. शिशाचं वजन गेल्याने उभी ठेवलेली टॉर्च तोंडावर पडते. आणि केबलसाठी पाडलेल्या भोकातून पहिल्याच झडीत पाणी शिरलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा वरच्या कडेला चिकटवून पडद्यासारखा सोडलाय, तो अजून टिकून आहे.

सहा व्होल्टच्या मोठ्या टॉर्चला हा उपाय लागू नाही. तिला दोन सेल एकामागे एक जोडावे लागतात, आणि टीपी४०५६ एकाच सेलसाठी आहे. त्यासाठी दोन सेलची संरक्षण पाटी आणि ८.४ व्होल्टचा वेगळा चार्जर लागेल. मी ती अजून उघडलेली नाही.