प्लेटिंग शेडखालचं पिवळं पाणी: खणावं, उपसावं की जागेवरच मारावं?

हार्ड क्रोमचा, म्हणजे धातूच्या भागांवर क्रोमियमचा थर चढवणारा, जुना कारखाना विकत घेताना किंवा बंद करताना हा प्रश्न हमखास समोर येतो. टाक्यांखालचा कोबा फोडला की मुरूम पिवळसर निघतो, आवारातल्या बोअरचं पाणी पांढऱ्या बादलीत धरलं तर लिंबू सरबतासारखं दिसतं. हे हेक्झा क्रोम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप. ते पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं धरून राहत नाही आणि पाणी जाईल तिकडे जातं. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. डोळ्यांना पिवळेपणा दिसतो तेव्हा ती कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. याचंच दुसरं रूप, ट्राय क्रोम, साधारण पीएचला गाळ होऊन खाली बसतं आणि फारसं हलत नाही. म्हणजे वाटा दोनच: हेक्झा बाहेर काढा, नाहीतर आहे तिथेच त्याचा ट्राय करा.

खणून नेणं मालकांना आवडतं, कारण त्यात काम संपल्याचं दिसतं. हिशोब मात्र आधी करा. १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, अडीच मीटर खोल खड्डा म्हणजे १५० घनमीटर. घनमीटरला १.८ टन धरले तर २७० टन माती, १५ टनी ट्रकच्या १८ फेऱ्या. ही माती घातक कचरा ठरली तर ती साध्या भरावावर टाकता येत नाही. तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत केंद्रात, फॉर्म १० च्या मॅनिफेस्टवर, म्हणजे घातक कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रावर, न्यावी लागते, आणि तिथे क्रोम बांधून ठेवण्याची प्रक्रिया करून मगच ती पुरली जाते. पैसे टनावर मोजतात, म्हणून पावसाळ्यात खणू नका. भिजलेल्या काळ्या मातीतल्या पाण्याचंही बिल येतं. टाक्यांच्या थेट खालच्या, सर्वांत गडद पट्ट्यासाठी हा मार्ग उत्तम. शेडचे कॉलम त्याच मातीवर उभे असतील तर नाही. आणि प्रमाण वाढलं की पर्यायच उरत नाही: तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला, मागे दीड लाख टनांहून जास्त क्रोमयुक्त कचरा राहिला. तो कोणत्या ट्रकात भरणार?

उपशाचं आकर्षण वेगळं. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, तुमच्याकडे आहेच; मेटाबाय (हेक्झाचा ट्राय करणारं सोडियम मेटाबायसल्फाइट) आणि चुना टाकायला माणूसही आहे. बोअरचं पाणी त्याच टाकीत सोडलं की झालं. सुरुवातीला झालंच, असं वाटतंही. अमेरिकेत ऑरेगनमधल्या कॉर्व्हॅलिसला १९८५ मध्ये बंद पडलेल्या हार्ड क्रोमच्या एका वर्कशॉपखाली भूजलात लिटरला हजारो मिलिग्रॅम क्रोम सापडलं होतं. तिथे १९८८ मध्ये उपसा सुरू झाला, जोडीला वरून पाणी जिरवून माती धुतली गेली. पहिल्या काही वर्षांत पातळी झपाट्याने उतरली, मग उतरण्याचा वेग मंदावला. कारण साधं आहे. क्रोम वर्षानुवर्षं चिकणमातीत मुरलेलं असतं. भेगांमधलं पाणी स्वच्छ झालं की ते हळूहळू बाहेर झिरपत राहतं. पंप थांबवा, सहा महिन्यांनी बोअर पुन्हा पिवळा. आपल्याकडच्या काळ्या मातीत आणि भेगाळ बेसॉल्टमध्ये हे जास्तच. म्हणून उपसा हा लगाम समजा, इलाज नव्हे. शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीकडे प्रवाह जात असेल तर मात्र तो आज रात्रीच सुरू करावा.

जागेवर मारणं हा रसायनाचा खेळ, आणि प्लेटिंगवाल्याला तो अर्धा माहीतच असतो. फक्त ईटीपीतली सवय जमिनीत चालत नाही: मेटाबायला पीएच २-३ लागतो आणि जमिनीत आम्ल ओतलं तर इतर धातूही सुटतात. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, साधारण पीएचलाही काम करतं. कागदावर १ किलो हेक्झा क्रोमला सुमारे १६ किलो हिराकस लागतं. जमिनीत जास्त, कारण विरघळलेला ऑक्सिजनही ते खातो. लोखंडाच्या गाळाने रसायन सोडायची बोअर बुजते, ही त्याची खोड. कॅल्शियम पॉलिसल्फाइड जास्त टिकतं, पण कुजक्या अंड्यांचा वास शेजारपाजारपर्यंत जातो.

तिसरा प्रकार जिवाणूंना खाऊ घालण्याचा. पातळ मळी (मोलॅसिस) किंवा इथेनॉल सोडलं की जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि त्या वातावरणात हेक्झाचा ट्राय होतो. कॅलिफोर्नियातल्या हिंकलीत गॅस कॉम्प्रेसर स्टेशनने १९५२ ते १९६६ या काळात कूलिंग टॉवरचं क्रोमयुक्त पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं होतं. तिथे पुढे इथेनॉल जमिनीत सोडलं गेलं, शिवाय उपसलेल्या पाण्यावर लसूणघास पिकवून मुळांजवळच्या मातीत क्रोम अडवलं गेलं. मात्र त्याच वातावरणात मँगनीज आणि आर्सेनिक मातीतून सुटतात, हेही तिथेच दिसलं. त्यामुळे चाचणीच्या यादीत नुसतं क्रोम नको. मळी महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या कृपेने मुबलक. पण ती उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणात असते, परवान्याचा वेळ धरा.

जमिनीखाली पाण्याच्या वाटेत आडव्या घातलेल्या, हेक्झाचा ट्राय करणाऱ्या लोखंडी भुकटीच्या भिंतीबद्दल सल्लागार हौसेने बोलतात. नॉर्थ कॅरोलायनात एलिझाबेथ सिटी इथल्या तटरक्षक तळावर, जुन्या प्लेटिंग शॉपच्या खालच्या अंगाला १९९६ मध्ये अशी भिंत घातली: ४६ मीटर लांब, ७.३ मीटर खोल, फक्त ०.६ मीटर जाड. पाणी आपोआप तिच्यातून जातं, वीज लागत नाही, आणि तिने क्रोम खरोखर अडवलं. पण ती समुद्राकाठची वाळू होती. वाळूत चर सरळ जातो आणि पाणीही पसरून वाहतं. दख्खनच्या खडकात पाणी एखाद्या भेगेतून भिंतीखालून निघून जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. मुरमाखाली सलग, घट्ट कातळ आहे असं बोअरच्या नोंदींत दिसलं तरच हा खर्च करा.

माझं मत विचाराल तर शेडइतक्या जागेसाठी गळक्या टाक्या आणि गटारं आधी बंद करावीत, गडद पट्टा खणून न्यावा, उरलेल्या मुरमात हिराकस किंवा पॉलिसल्फाइड सोडावं आणि कुंपणापाशी एक पंप तयार ठेवावा. पाच-दहा एकरांत पसरलेलं असेल तर मळी-इथेनॉलचा प्रयोग आधी छोट्या चौकोनात करावा. या सगळ्याआधी किमान तीन निरीक्षण बोअर हवेत, नाहीतर प्रवाहाची दिशाच कळत नाही.

इथे सर्वांत मोठी चूक होते. रिगवाला नेहमीच्या सवयीने मुरमापुरतं केसिंग घालून खाली दोनशे फूट उघडं बोअर मारतो आणि वरचं पिवळं पाणी खालच्या स्वच्छ भेगांमध्ये उतरायला वाट करून देतो. दूषित मुरमातलं बोअर मुरमातच थांबवायचं. खोल जायचंच असेल तर वरचा थर केसिंग आणि सिमेंटने पक्का बंद करून मगच.

२०२५ पासून दूषित स्थळांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम आहेत आणि खर्च प्रदूषण करणाऱ्यावर येतो. तेव्हा विकत घेणाऱ्याने व्यवहाराआधी मे आणि ऑक्टोबर, दोन्ही महिन्यांचे नमुने मागावेत. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर बोअर स्वच्छ दिसतं. पावसानंतर पाणी टाक्यांखालच्या मातीपर्यंत चढतं, तेव्हाचा आकडा खरा.