उंदराच्या गर्भाची जनुकीय नोंदवही: जॅक्सन लॅबोरेटरीच्या माहितीकोशाचे परीक्षण

पदव्युत्तर वर्गाला भ्रूणविज्ञान शिकवताना मी ‘माउस जीनोम इन्फॉर्मॅटिक्स’ हा माहितीकोश नेहमी वापरते. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन लॅबोरेटरी तो चालवते आणि तो विनामूल्य आहे. पेशींमधील संकेतवहनाची (पेशींनी एकमेकींना रासायनिक संदेश देण्याची) जनुके गर्भ कशी घडवतात हे समजून घेण्यासाठी याच्या तोडीचे साधन माझ्या पाहण्यात नाही.

‘सॉनिक हेजहॉग’ या जनुकाचे पान उघडून पाहावे. हे जनुक कोणत्या अवस्थेत कोणत्या ऊतीत जागे असते, याचा तक्ता तेथे मिळतो आणि प्रत्येक चौकटीमागे मूळ प्रयोगाची नोंद असते. गर्भ साधारण दहा दिवसांचा असताना पुढच्या पायाच्या कोंबाच्या मागील कडेला, एवढ्याशा भागात, हे जनुक कार्यरत दिसते आणि तेथून पसरणाऱ्या प्रथिनावर बोटांची संख्या व क्रम ठरतो. तेच जनुक निकामी केलेल्या उंदरांची माहितीही त्याच पानावरून गाठता येते. १९९६ साली वर्णन झालेल्या अशा गर्भांत मेंदूचा पुढचा भाग दोन अर्धांत विभागला जात नाही, डोळा एकच असतो आणि पाय खुंटलेले राहतात. पायातील या जनुकाला जागे करणारा डीएनएचा तुकडा मात्र सुमारे १० लाख बेस-जोड्या (डीएनएच्या साखळीचे घटक) दूर, दुसऱ्याच जनुकाच्या आत आहे. तेवढाच काढला तर पाय खुंटतात, पण चेहरा नीट घडतो. हा फरक विद्यार्थ्यांना दाखवताना मला आजही तितकाच आनंद होतो.

टायलर अवस्थांनुसार (उंदराच्या गर्भाच्या वाढीचे, दिवसांऐवजी शरीररचनेवरून ठरवलेले टप्पे) केलेली मांडणी मला सर्वांत मोलाची वाटते. मागे एका पुरवठादाराकडून घेतलेल्या काचपट्ट्यांवर नुसते ‘दिवस १०’ लिहिलेले होते. एका वेतातले गर्भही वाढीत पुढेमागे असतात, त्यामुळे अवस्था कळल्याशिवाय तुलना करणे व्यर्थ होते; अखेर सोमाइट (गर्भाच्या पाठीकडे जोडीजोडीने तयार होणारे ऊतींचे ठोकळे) मोजून आम्ही ती ठरवली आणि मगच तक्त्याशी ताडून पाहिली.

मजकूर इंग्रजीत आहे आणि जनुकांच्या नामकरणाची ओळख गृहीत धरलेली आहे, म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षाला तो एकट्याने वाचायला देऊ नये. संशोधन सुरू करणाऱ्याने मात्र ‘शोधले, पण आढळले नाही’ अशा नोंदी आवर्जून वाचाव्यात, कारण पाठ्यपुस्तकांत त्या क्वचितच सापडतात.