‘परमिटचं टेन्शन घेऊ नका, वहिनी’: युटाच्या कॅन्यन ट्रिपमध्ये आमची झालेली फसवणूक

‘द वेव्ह’ला, म्हणजे युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या लाटांसारख्या खडकांना, नेणारी ग्रुप ट्रिप कुणी विकत असेल आणि ‘परमिटचं आम्ही बघतो’ असं सांगत असेल, तर पैसे भरण्याआधी एवढं वाचा. वेव्हचं परमिट टूरवाला आणून देऊच शकत नाही. ते सोडतीत निघतं, अर्जदाराच्या नावाने निघतं, आणि दुसऱ्याला देता किंवा विकता येत नाही. दिवसाला जास्तीत जास्त ६४ माणसं किंवा १६ गट, यांतली जी मर्यादा आधी भरेल ती. एका गटात सहाच जण. अधिकृत गाइडलाही वेगळा कोटा नाही. आधी परमिट तुम्ही मिळवायचं, मग हवा तर गाइड घ्यायचा.

आमच्या ट्रिपमध्ये चौदा जण होते. आता कळेल घोटाळा कुठे होता.

आयोजक आमच्या कॅलिफोर्नियाच्या बे एरियातलाच, गणपतीच्या कार्यक्रमांतून ओळखीचा झालेला. सगळे त्याला दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच म्हणते. बोलणं एकदम लाघवी. आधीच्या ट्रिपांचे फोटो, त्यांत हसणारी ओळखीची माणसं, शेंगदाण्याच्या चटणीसकट पुरवलेला डबा. व्हॉट्सॲपवर जाहिरात आली: वेगासहून व्हॅन, युटातल्या कॅनॅब गावी मुक्काम, वेव्ह, बकस्किन गल्च आणि अँटिलोप कॅन्यन या चिंचोळ्या घळी, झायन नॅशनल पार्कमधलं नॅरोज, ‘अनुभवी मराठी गाइडसह’. माणशी ११५० डॉलर, विमानाचं भाडं वेगळं. त्यात एक ओळ होती: ‘परमिट व सरकारी फी १४० डॉलर’.

खरी फी सांगते. वेव्हच्या सोडतीचा अर्ज ९ डॉलरचा, तोही अख्ख्या गटाला मिळून एक. नंबर लागला तर माणशी ७ डॉलर. बकस्किनमध्ये दिवसभर चालायला माणशी ६ डॉलर. नॅरोजमध्ये खालून वर नदीतून चालत जायला झायनच्या प्रवेशफीशिवाय काहीच लागत नाही. महाग काय ते अँटिलोप, कारण ते नावाहो नेशनच्या, म्हणजे नावाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या, जमिनीवर आहे आणि त्यांच्या परवान्याच्या टूरशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. पण अँटिलोपचं तिकीट आमच्या पॅकेजमध्ये वेगळं लावलेलं होतं.

नवऱ्याने निघण्याआधी परमिट दाखवायला सांगितलं होतं. ‘वहिनी, परमिटचं टेन्शन घेऊ नका, ते माझ्याकडे लागलं,’ असं मला उत्तर, आणि त्याच्या पाठोपाठ स्क्रीनशॉट. परमिटं देणाऱ्या रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटचा लोगो, तारीख, ‘वायर पास’ हे नाव, माणसं चौदा. वरची पट्टी कापलेली. वायर पास हीच वेव्हला जायची सुरुवात, असं कुठेही शोधलं तरी सापडतं. त्यामुळे सगळ्यांचं समाधान झालं.

यातली मेख अशी की बकस्किनलाही वायर पासवरूनच उतरतात. गाड्या लावायची जागा एक, सुरुवातीची वाट एक. त्या सहा डॉलरवाल्या परमिटला ना कोटा ना सोडत, ते कुणालाही घरबसल्या मिळतं. दादाने तेच काढलं होतं आणि वरची पट्टी कापून वेव्हचं म्हणून पाठवलं होतं. थेट खोटा कागद बनवला असता तर पकडला गेला असता. हा कागद खरा होता, फक्त दुसऱ्या जागेचा.

हायवे ८९ सोडून हाउस रॉक व्हॅली रोडवर वळलो की आठेक मैल कच्चा रस्ता. पाऊस पडला की तिथल्या चिकणमातीचा असा राडा होतो की भल्याभल्या गाड्या रुततात. आमच्याकडे होती पंधरा सीटची भाड्याची व्हॅन. पोचलो तर पार्किंगमध्ये रेंजर उभी. तरुण मुलगी, डोक्यावर रुंद कडांची टोपी, हातात क्लिपबोर्ड. आम्ही विचारायच्या आधीच तिने विचारलं, कुठे निघालात? आमच्यातल्या एका काकांनी उत्साहाने सांगून टाकलं, वेव्ह! तिने आमच्याकडे बघत तोंडातल्या तोंडात माणसं मोजली. मग दादाच्या हातातला कागद घेतला, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बोट तसंच ठेवून कागद आमच्याकडे फिरवला. बकस्किन गल्च, डे यूज.

दादा म्हणाला, सिस्टिममध्ये काहीतरी गडबड झालेली दिसते. ती आवाज न चढवता म्हणाली, आजच्या वेव्हच्या यादीत तुमचं नाव नाही. मग तिने दुसरा प्रश्न विचारला: तुम्ही पैसे घेऊन गाइड करताय का? इथे पैसे घेऊन लोकांना फिरवायचं तर ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचा परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या साइटवर आहे. दादा तिला म्हणाला, ‘नो नो, वी आर ऑल फ्रेंड्स.’ ११५० डॉलर मोजलेल्या चौदा जणांसमोर.

ती जाताना एवढंच म्हणाली की उत्तरेकडे ढग आहेत, आज बकस्किनमध्ये उतरताना विचार करा. ही ताकीद किती गंभीर होती, हे ज्यांनी कॅन्यन पाहिलेलं नाही त्यांना कळायचं नाही. बकस्किन मैलोन्‌मैल चिंचोळं आहे, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. वर चढायला जवळजवळ जागाच नाही. पाऊस कुठेतरी लांब वर पडतो आणि पाणी इथे भिंतीसारखं येतं, डोक्यावर आभाळ निळं असताना. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोपमध्ये अकरा पर्यटक असेच गेले. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जणांचा अख्खा गट गेला.

आणि दादाचं म्हणणं? ‘अहो, इथे कडक ऊन पडलंय. बकस्किन तर वेव्हपेक्षा भारी आहे!’ तीनचार जण त्याच्याबरोबर निघालेही. आम्ही बाकीचे व्हॅनच्या सावलीत बसलो. पाणी म्हणून त्याने आणलेला अर्ध्या लिटरच्या बाटल्यांचा एक बॉक्स. या वाळवंटात माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी बाळगा असं सांगतात. २०१३ च्या जुलैत वेव्हच्याच वाटेवर उन्हाने तीन जणांचा जीव गेला होता. दादाबरोबर बकस्किनमध्ये उतरलेले आमचे लोक सुखरूप परत आले, पूर आला नाही. पण त्यात दादाच्या अनुभवाचा काही भाग नव्हता. पैशांच्या फसवणुकीपेक्षा मला याचाच राग जास्त आहे.

पुढचं थोडक्यात. ॲरिझोनातल्या पेज गावी अँटिलोपच्या दारात दादाने सांगितलं की टाइम झोनच्या गोंधळात आपला स्लॉट हुकला. उन्हाळ्यात युटाचं घड्याळ ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं, म्हणजे कॅनॅबहून पेजला येणाऱ्याला उलट एक तास फुकट मिळतो! काउंटरवर जाऊन विचारलं तर त्याच्या नावाने बुकिंगच नव्हतं. त्याऐवजी हॉर्सशू बेंड हे नदीचं वळण पाहिलं, जिथे गाडीच्या पार्किंगचेच काय ते पैसे लागतात. झायन झालं, छान झालं, पण ते आमचं आम्ही केलं. दादा हॉटेलवरच थांबला.

परत आल्यावर पैशांच्या मागे लागलो. बुकिंगची रक्कम आम्ही क्रेडिट कार्डाने भरली होती. कबूल केलेली सेवा मिळाली नाही म्हणून स्टेटमेंट आल्यापासून साठ दिवसांच्या आत लेखी तक्रार केली. जाहिरात, कापलेला स्क्रीनशॉट आणि अँटिलोपवाल्यांचा ‘बुकिंग नाही’ हा ईमेल जोडला. ते पैसे परत आले. उरलेली मोठी रक्कम ‘कार्डावर फी बसते’ म्हणून त्याने झेलने, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या ॲपने, मागितली होती. बँकेने हात वर केले: तुम्ही स्वतः पाठवलेत. ओळखीचा माणूस असला तरी ट्रिपचे पैसे झेलने देऊ नका, आणि फीचं कारण कुणी सांगितलं तर ती फी खुशाल भरा.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. इथे प्रवास विकणाऱ्याला ॲटर्नी जनरलकडे ‘सेलर ऑफ ट्रॅव्हल’ म्हणून नोंदणी करावी लागते, आणि जाहिरातीवर सीएसटी नंबर छापावा लागतो. तो नंबर सरकारी साइटवर तपासता येतो. नोंदणी असेल तर पैसे बुडाल्यावर भरपाईच्या निधीकडे दाद मागायची सोय आहे. दादाच्या जाहिरातीवर गणपतीचं चित्र होतं, नंबर नव्हता.

आम्ही काही कुटुंबांनी स्मॉल क्लेम्स कोर्टात अर्ज केले आहेत. तिथे वकील लागत नाही, आणि इथे एका व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो. नोटीस पोचल्यावर दादाचा फोन आला. पैशांऐवजी सेडोनाच्या पुढच्या ट्रिपमध्ये सूट देतो म्हणाला, आणि ‘आपल्या आपल्यात कोर्ट कशाला?’ असंही. नवऱ्याने सांगितलं, जे काय म्हणायचं ते लेखी पाठव. लेखी अजून काही आलेलं नाही.

वसंतातल्या वेव्ह ट्रिपची त्याची नवी जाहिरात मात्र फिरते आहे, पंधरा जागांची. त्यात कुणी पैसे भरले असतील तर आजच त्याच्याकडे परमिटचं पूर्ण पान मागा, वरच्या पट्टीसकट, आणि कार्डाने भरलं असेल तर साठ दिवसांची मुदत मोजून ठेवा.