ज्येष्ठांचा न्यूमोनिया: घरीच उपचार की रुग्णालयात भरती?

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात सत्तरी ओलांडलेले पती-पत्नी दोघेच राहतात आणि मुले पुण्याला किंवा बंगळुरूला असतात, अशी मराठी घरे आता कमी नाहीत. अशा घरी डॉक्टरांनी एक्स-रे पाहून न्यूमोनिया सांगितला की मुलांचा फोनवरचा पहिला प्रश्न ‘ॲडमिट करायचे का?’ हाच असतो. जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियापुरते बोलायचे तर या दोन पर्यायांत औषधाचा फरक लोक समजतात तेवढा नसतो. देखरेखीचा फरक मात्र समजतात त्याहून बराच मोठा असतो.

न्यूमोनियात दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी ॲमॉक्सिसिलीन तोंडाने घेतले तरी चांगले शोषले जाते आणि लेव्होफ्लॉक्सॅसिन तर जवळजवळ पूर्णपणे. त्यामुळे आजार सौम्य असेल, उलट्या होत नसतील आणि गिळता येत असेल, तर ‘सलाईन लावली की लवकर उतार पडतो’ या समजुतीला आधार राहत नाही. लेव्होफ्लॉक्सॅसिनबाबत मात्र आपल्याकडे एक सावधगिरी हवी. हे औषध क्षयाच्या जंतूंनाही काही काळ दाबून ठेवते, त्यामुळे रुग्णाला तात्पुरते बरे वाटते आणि खरे निदान लांबते. खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल किंवा वजन उतरले असेल, तर ही गोळी सुरू होण्याआधी थुंकीची क्षयासाठी तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रांत ती मोफत होते.

रुग्णालयात गेल्यावर नेमका जंतू सापडेल, ही अपेक्षाही बेताचीच ठेवावी. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दाखल झालेल्या प्रौढ रुग्णांच्या कसून तपासण्या करूनही केवळ ३८ टक्के रुग्णांत रोगकारक सापडला, आणि त्यांतही जिवाणूंपेक्षा विषाणू अधिक होते. बहुतेक वेळा उपचार अनुभवसिद्ध अंदाजानेच सुरू होतात, मग खाट घरची असो वा रुग्णालयाची.

निर्णयासाठी डॉक्टर वापरतात ती ‘कर्ब-६५’ ही मोजणी २००३ साली पुढे आली. नव्याने आलेला गोंधळलेपणा, रक्तातला वाढलेला युरिया, मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास, रक्तदाब वरचा ९० च्या खाली किंवा खालचा ६० पर्यंत उतरलेला, आणि वय ६५ किंवा अधिक, यांतील प्रत्येकाला एक गुण असतो. मूळ अभ्यासात शून्य-एक गुणाच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण १.५ टक्के, दोन गुणांना ९.२ टक्के आणि तीन किंवा अधिक गुणांना २२ टक्के होते. म्हणूनच शून्य-एकला घर, दोनला रुग्णालयाचा विचार आणि तीनपासून पुढे भरती, असा प्रघात आहे. आजोबांचा एक गुण वयानेच ठरलेला असतो, तेव्हा दुसरा बहुधा रक्ताच्या रिपोर्टवर अवलंबून राहतो, आणि तिथेच घोटाळा होतो. काही लॅब ‘ब्लड युरिया’ छापतात, काही ‘बीयूएन’, म्हणजे त्याच युरियातला फक्त नायट्रोजन. मर्यादा पहिल्यासाठी डेसिलीटरला साधारण ४२ मिलिग्रॅम आहे, तर दुसऱ्यासाठी साधारण २०. बीयूएन २६ आलेला कागद युरिया समजून वाचला, तर वाढलेला आकडा बिनधास्त ‘नॉर्मल’ ठरतो.

या मोजणीत ऑक्सिजन नाही, आणि रात्री दोन वाजता घरात कोण जागे असेल हेही नाही. माझ्या मते ज्येष्ठांच्या बाबतीत या दोन गोष्टींचे वजन गुणांइतकेच धरावे. ऑक्सिमीटरवर स्थिर बसून ९२ च्या खाली आकडा येत असेल, तर गुण कितीही असोत, घर हा पर्याय उरत नाही. म्हातारपणी ताप न येताच न्यूमोनिया बळावू शकतो; जेवण टाकणे, गुंगीत राहणे, असंबद्ध बोलणे एवढीच लक्षणे दिसतात. ती ओळखणारे माणूस घरात नसेल, तर एक गुण असूनही भरती शहाणपणाची. उलट, सून किंवा मुलगा घरी असेल, दिवसातून तीन-चारदा पूर्ण मिनिट घड्याळ लावून श्वास मोजणार असेल आणि ४८ तासांनी डॉक्टरांना पुन्हा दाखवता येणार असेल, तर रुग्णालयातला अंथरुणखिळेपणा, रात्रीचा भ्रम आणि तिथले हट्टी जंतू टाळलेले बरे.

सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत भरतीचे संरक्षण मिळते, पण बाह्यरुग्ण म्हणून घेतलेली औषधे आणि तपासण्या खिशातूनच. सोयीच्या या उताराने निर्णय भरतीकडे घसरतो, हे जाणून असावे.

भरती झालीच तर ती लांबलीच पाहिजे असे नाही. फ्रान्समधील २०२१ च्या एका अभ्यासात, गंभीर नसलेल्या आणि तीन दिवसांत स्थिरावलेल्या दाखल रुग्णांना तीन दिवसांचे प्रतिजैविक आठ दिवसांपेक्षा कमी पडले नाही. पाच दिवसांचा कोर्स तर आता रूढ आहे. तेव्हा ताप उतरून, ऑक्सिजन सुटून, जेवण सुरू झाले की ‘इंजेक्शनवरून गोळीवर कधी आणता?’ हे राऊंडच्या वेळी डॉक्टरांना विचारावे. एक्स-रेवरचा डाग जायला मात्र ज्येष्ठांत सहा आठवडे किंवा अधिकही लागतात. तो अजून दिसतो म्हणून औषध वाढवून मागू नये.